पहिला ठोका रिकामा

सदादादा,

तू गेल्यापासून झऱ्याचं पाणी गढूळ आहे. आधी लोक म्हणाले, सुतक आहे, होईल नितळ. सुतक फिटलं, बाराव्याचं जेवण झालं, सोयरेधायरे मुंबईला परतले, तरी पाणी चहाच्या रंगाचंच. हंड्यात तासभर ठेवलं की तळाला लाल माती बसते. ती माती बघितली की मला तुझं गाणं आठवतं आणि राग येतो. तुझं कुठलंही गाणं नुसतं आठवून बरं वाटावं, अशी सोयच तू ठेवली नाहीस.

‘झरा गढुळला, बाई गो, झरा गढुळला, डोंगराच्या पोटामधी कोण हलला.’ ही तुझी ओळ. शिमग्यात पोरं यावर नाचायची. हळदीला लागायचं हे गाणं, आणि नवरदेवाच्या मावशा कमरेवर हात ठेवून डुलायच्या. तू कोपऱ्यात उभा राहून बघायचास. मी विचारलं होतं, लोक एवढे खूश आहेत, तुझं तोंड का असं? तू म्हणालास, “शालू, मी ह्यांना घाबरवायला लिवलंय गो. ही नाचतायत.” मी हसले होते. सुरात सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही, हे तुला त्या वयात कळायला हवं होतं.

पण तू शिकलास तेच मुळी अशा माणसांकडून, ज्यांना वाटायचं की गाण्याने जग हलतं. तुझी बोट किंग्स्टनच्या बंदरात दुरुस्तीला अडकली आणि इंजिनरूममधला आमचा सदा खलाशी रोज संध्याकाळी गावात जाऊन रस्त्यावरच्या कपाटाएवढ्या स्पीकरसमोर बसायला लागला. ही कथा तू इतक्या वेळा सांगितलीस की मला तो रस्ता पाठ झाला. खारवलेल्या माशांचा वास, कडेला शेकोटी, आणि जमिनीतून पायात चढणारा तो जाड तारेचा आवाज. लोक बोटीवरून अत्तरं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे, बायकोला नायलॉनची साडी आणायचे. तू एक जाड तारांची गिटार आणलीस आणि खोकंभर तबकड्या. काकू ओटीवर कपाळाला हात लावून बसली होती. वाडीत तुझं नाव त्या दिवसापासून ‘जमेकावाला’ पडलं.

तुझ्याबद्दल उठलेल्या सगळ्या अफवा खोट्या निघाल्या, हे तेवढं सांगितलं पाहिजे. सदा जटा वाढवणार म्हणाले, तर तुला वर्षभरात टक्कल पडलं. गांजा ओढतो म्हणाले, तर तुला साध्या तंबाखूनेही घेरी यायची. कोकमाच्या सरबतावर रात्र काढणारा असा गाणारा त्या देशात तरी कुणी पाहिला असेल का, शंकाच आहे.

खेडला एसटी स्टँडच्या मागे जाखडी-नमनाच्या गाण्यांच्या कॅसेटी करणारा तो छोटा स्टुडिओ. तिथला पहिला दिवस मला कालच्यासारखा आठवतो. तू जाड तार धरलेलीस, बाबाजी ढोलकीवर आणि मी झील ओढायला, मागून सूर धरायला. चुलतबहीण म्हणून घेतलं नव्हतंस, आवाज बरा म्हणून घेतलं होतंस, हे तू चारचौघांत मुद्दाम सांगायचास. तू बाबाजीला समजावलंस की पहिला ठोका मारायचा नाही. तो रिकामा सोडायचा. वजन तिसऱ्यावर टाकायचं. बाबाजी भजनातला माणूस. जन्मभर समेवर थाप देत आलेला. त्याचा हात आपोआप पडायचा, तू थांबवायचास, परत सुरू. सकाळची दुपार झाली. शेवटी बाबाजी घामाने भिजून म्हणाला, “अरे सदा, समेवर हात नाय पडला तर मना पायरी चुकल्यासारखं वाटतं. आता पडेन असं वाटतं.”

तू उडीच मारलीस. “बाबाजी, तेच पायजे मना. ऐकणाऱ्याला वाटलं पायजे, आता पडेन.”

‘गाळ’ ही कॅसेट तशी झाली. खाडीत वरून येणाऱ्या घाण पाण्यावर, मेलेल्या बोय माशांवर, वाळू उपसणाऱ्या बोटींवर. त्यानंतरची ‘कड्याखाली’ फारशी कुणी घेतली नाही. मग कितीतरी वर्षं काहीच नाही. तू परत बोटीवर गेलास, उतरलास, घराच्या मागच्या खोलीला गोधड्या लावून तिथे स्वतःचं यंत्र बसवलंस आणि गात राहिलास. अलीकडे कुणा मुंबईच्या पोरांनी ‘गाळ’ मोबाईलवर टाकली आणि तुला फोन यायला लागले. एकाने विचारलं, तुमची प्रेरणा काय? तू म्हणालास, “आमच्या वाडीवरचा डोंगर.” तो हसला असावा, कारण तू फोन ठेवलास आणि मला म्हणालास, हाही नाचणाऱ्यांतलाच.

डोंगराबद्दल तू खोटं बोलत नव्हतास. वर सड्याच्या, माथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेला ती भेग पहिल्यांदा तूच दाखवलीस मला. जांभ्यात बोट जाईल एवढी. दोन पावसाळ्यांनी हात जायला लागला. भेगेखालचे फणस खाडीकडे कलले. गोविंदाच्या घराचं दार घासायला लागलं, त्याने सुताराकडून तासून घेतलं. पुढच्या वर्षी परत घासायला लागलं, परत तासलं. दत्तूअण्णांच्या पडवीची भिंत कोपऱ्यात उघडली, त्यांनी तिथे कॅलेंडर लावलं. हे सगळं तू गाण्यात घालत गेलास. सरकारी माणसं आली, बघून गेली, पावसाआधी घरं सोडा असं तोंडी आणि लेखी सांगून गेली. आपल्या लोकांनी मान डोलावली आणि कुणी उठलं नाही. घर सोडायचं म्हणजे कुठे जायचं, शाळेत? पाव्हण्यांनी काय म्हणायचं?

मग तुझ्या डोक्यात ते गाऱ्हाणं आलं, देवासमोर एकाने मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं, तसं.

यावरून आपण भांडलो, आणि ते भांडण तू तसंच अर्धं टाकून गेलास, म्हणून मी आज बोलणार आहे. देवळात गाऱ्हाणं घालणं वेगळं आणि यंत्रासमोर बसून घालणं वेगळं. त्यात तू घरांची नावं घेणार. कड्याखालचं एकेक घर, नावानिशी, त्याला काय होतंय त्यासकट. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, दादा, जित्या माणसांच्या घरांची नावं अशी ओळीने घेतात का? हे अभद्र आहे. तू शांतपणे म्हणालास, तू फक्त झील दे. “होय महाराजा” एवढंच म्हणायचंय. मी म्हटलं, मी या घरांच्या मरणाला होय म्हणणार नाही.

“मरणाला नाय गो,” तू म्हणालास. पण कशाला ते सांगितलं नाहीस. तुझं हे नेहमीचंच. अर्धं सांगायचं आणि समोरच्याने कळून घ्यावं म्हणून बसायचं.

मी उठून आले. चार दिवसांनी तू ते एकट्याने गायलेलं माझ्या मोबाईलवर पाठवलंस. मी ऐकलं आणि आणखी चिडले. प्रत्येक घरानंतर तू जागा मोकळी सोडली होतीस, माझ्या आवाजाएवढी. मला वाटलं, टोमणा मारलास. आणि सगळी घरं झाल्यावर, तुझा आवाज थांबल्यावर, बाबाजीची ढोलकी आणि जाड तार तशीच वाजत राहिली. बराच वेळ. मी फोन करून म्हटलं, शेवटी उगीच वाजत कशाला ठेवलंस? ते कापून टाक, कंटाळा येतो. तू म्हणालास, तिकडे जमेकात प्रत्येक तबकडीच्या दुसऱ्या बाजूला असंच नुसतं वाजलेलं असतं, गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला. “ज्याला बोलायचं आसेल त्यानं त्यावर बोलावं.” मी म्हटलं, इथे कोण बोलायला बसलंय? तू हसलास. ते आपलं शेवटचं बोलणं.

त्यानंतर तू त्या खोलीत गेलास. कानांवर ती ऐकायची मोठी बोंडं, बोट बटणावर. वहिनी जेवायला बोलवायला आली तेव्हा टेप संपून नुसतं चाक फिरत होतं.

आणि मग वाडीत ते सुरू झालं. कोण म्हणालं आधी, माहीत नाही. पण तुझ्या दहाव्याला घाटावरच मी ऐकलं. सदाने गाऱ्हाणं घातलं, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ते त्याच्यावर उलटलं. दत्तूअण्णा, ज्यांनी तुला आयुष्यभर जमेकावाला म्हणून चिडवलं, ते पंचा खांद्यावर टाकून गंभीरपणे म्हणाले, “गाऱ्हाणं अर्ध्यात लटकवत ठेवू नये. आधी घालणाऱ्याला नेतं. मग ज्यांची नावं घेतली त्यांना.” माझ्या अंगावर काटा आला. मी शिकलेली आहे, शाळेत पोरांना शिकवते, आणि तरी आला. त्याच आठवड्यात वळवाची एक सर पडली आणि सड्यावरची भेग खालच्या अंगाला वीतभर खचली. आता खाली उभं राहून ती डोळ्याने दिसते. काळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तुला वाटेल, आता तरी लोक उठले असतील. नाही. लोकांनी गाऱ्हाणं पुरं करायचं ठरवलं. दत्तूअण्णाच माझ्याकडे आले. “सदाचं ते तुझ्या मोबाईलात हाय ना? देवळात लाव. आम्ही सगळी उत्तर देतो. म्हणजे सुटली ब्याद.” डोंगराची भीती नव्हती, लटकलेल्या शब्दाची होती.

आणि तुझ्या घरचं सांगू? वहिनीला मी रोज म्हणत होते, माझ्याकडे राहायला चल. माझं घर रस्त्यापलीकडे, सपाटीवर. ती त्या गोधड्या लावलेल्या खोलीत झोपायला लागली होती. दार घासतं म्हणून उघडंच ठेवायची. भिंतीला कपाटभर तुझ्या टेपा, खेडच्या दिवसांपासूनच्या, ज्यांची दुसरी प्रत कुणाकडे नाही. मी म्हटलं, वहिनी, डोंगर खाली येणार आहे. ती म्हणाली, “येऊ दे. ह्यांचा आवाज हितंच हाय. मी ह्यांना एकटं टाकून कुठं जाऊ?” दादा, तुझ्यावर इतका संताप मला कधी आला नव्हता. जन्मभर माणसांना कड्याखालून बाहेर काढायला गायलास आणि त्याच गाण्यांनी आपल्या बायकोला तिथे बांधून ठेवलंस.

देवळात सगळी वाडी जमली. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला, गुरवाने नारळ ठेवला. बाबाजी खांबाला टेकून बसला होता. शिमग्यातला स्पीकर आणला होता, त्याला मोबाईल जोडला. आणि तू बोललास.

“बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत…”

“होय महाराजा.”

काय सांगू तुला, सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं. कुणाला ठरवावं लागलं नाही. लहानपणापासून गाऱ्हाणं ऐकलं की जीभ आपली आपण वळते. आणि ते उत्तर बरोबर तू सोडलेल्या जागेत बसलं. पहिला ठोका रिकामा, त्यात वाडी बोलली, मग ढोलकी पडली. बाबाजीने मान वर केली. तेव्हा मला कळलं की ती जागा माझ्या आवाजाएवढी कधी नव्हतीच. मीच तिला माझी समजत होते.

मग तू नावं घ्यायला लागलास. “गोविंदाचं घर, महाराजा. दार घासतंय. पावसाच्या आधी त्याला बाहेर काढ, लेकराबाळांसकट काढ.” होय महाराजा. “दत्ताजीचं घर, महाराजा. भिंत उघडलीय, ती त्याने झाकलीय. त्याला बाहेर काढ, त्याची अब्रू राख.” होय महाराजा. दत्तूअण्णांचा आवाज होय म्हणताना मध्येच चिरकला. तिसऱ्या-चौथ्या घराला लोकांच्या लक्षात आलं की आपण कशाला होय म्हणतोय. मी चेहरे बघत होते. एकमेकांकडे बघायला लागले. गोविंदाची बायको पदर तोंडाला लावून बसली. पण चालू गाऱ्हाण्यातून कुणी उठत नाही, आणि उत्तर अर्ध्यात लटकवायचं नाही म्हणून तर सगळे आले होते. तुझं नाव घेऊन, आपल्या पायांनी येऊन, देवासमोर प्रत्येकाने आपलं घर सोडायला होय म्हटलं. तू लबाड होतास, दादा. मी तुला भोळा समजत आले.

शेवटचं घर झालं. तुझा आवाज थांबला. ढोलकी चालूच.

बायांमधून वहिनीचा आवाज आला. “आमचं घर घेतलं नाय ह्यांनी.”

खरंच नव्हतं घेतलंस. आणि मग गुरव हळूच म्हणाला, “कसं घेतील? आपल्या घरचं गाऱ्हाणं आपण घालायचं नसतं. दुसऱ्यानं घालायचं.”

ढोलकी वाजत होती. तो लांबट, कंटाळवाणा तुकडा, जो मी कापायला सांगत होते. मी आजवर कधी पुढे होऊन गायलेली नाही. झील ओढणारीने झील ओढावी. शिवाय आपल्या देवळात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, हे तुला माहीत होतं आणि तरी तू ती जागा ठेवलीस. मी उभी राहिले. दत्तूअण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी पहिला ठोका जाऊ दिला.

“बा देवा महाराजा, ज्याने हे गाऱ्हाणं घातलं त्याचं घर. त्याचं दार उघडंच आहे. त्याची बायको आत बसलीय. आवाजाला धरून बसलीय. तिला बाहेर काढ.”

“होय महाराजा,” वाडी म्हणाली.

मी परत म्हटलं. वाडी परत म्हणाली. वहिनी जमिनीकडे बघत होती. ढोलकी संपेपर्यंत मी म्हणत राहिले आणि तिने तोंड उघडलं नाही. मग स्पीकर खरखरला, बंद झाला, आणि ती उठून, चपला घालून, कड्याखालच्या वाटेने सरळ घरी निघून गेली. मी देवळाच्या पायरीवर बसून रडले, तू गेलास त्या दिवशी रडले नव्हते तशी.

दुसऱ्या दिवशी लोक निघाले. कुणी हसलं नाही, कुणी भांडलं नाही. गाद्या, पिंपं, देवांचे टाक, गाई-वासरं, सगळं रस्त्यापलीकडे शाळेत यायला लागलं. कोण पाव्हण्यांकडे खेडला गेलं, कोण आंजर्ल्याला मुलीकडे. माझ्या वर्गात आता दत्तूअण्णा झोपतात, फळ्याखाली. दुपार कलली तरी वहिनी आली नव्हती. मी शेवटी तिला फरपटत आणायची म्हणून निघाले, तर ती समोरून येताना दिसली. एका हातात कुकर, एका हातात कपड्यांची पिशवी, काखेत तुझं पांघरूण.

मी म्हटलं, “टेपा?”

“राहू देत.”

“वहिनी, सगळा जन्म आहे त्याचा त्यात. मी आणते, मला चार फेऱ्या लागतील.”

तिने कुकर खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं. “कालच्याला होय म्हटलंस ना? मग आता मागं जायचं नाय. कोणीच नाय.” आणि मग म्हणाली, “डोंगराला सांगत होते ना ते एवढी वर्सं? आता ऐकू दे त्याला.”

मी गेले नाही. संध्याकाळी पोलीसपाटलांनी वाटेवर आडवी दोरी बांधली. मला अजून राग आहे, तिच्यावर, तुझ्यावर, त्या दोरीवर. तुझ्या टेपांचं कपाट मला झोपेत दिसतं. आणि तरी वहिनी रात्री माझ्या शेजारी घोरते, ते ऐकून मला इतकं बरं वाटतं की तुझे उपकार कसे मानू कळत नाही.

आज सकाळपासून वारं पडलंय. खाडीवर आभाळ खाली आलंय, कावळेही गप्प आहेत. शाळेच्या ओट्यावरून ती काळी रेघ दिसते आणि तिच्याखाली आपली वाडी, एका ओळीत, दारं लावलेली. सगळे तिकडेच बघत बसलेत. बाबाजी माझ्या बाजूला आहे. त्याचा हात मांडीच्या वर उचललेला आहे, आणि तो खाली टेकवत नाहीये.

कड्याखाली आता एकच घर भरलेलं आहे, दादा. तुझं.

तुझी,
शालू